‘नोंद आढळली नाही’ म्हणजे नक्की काय?

(बुरोंडी, ता. दापोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय संगणकाचा आणि बोलायला उभे आम्ही, तत्त्वज्ञानाचे निवृत्त मास्तर. यांचा इथे काय संबंध, असं तुमच्या मनात येणारच. संगणक कसा चालवायचा हे आम्ही सांगणार नाही. ते इथली आठवीतली मुलं आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. आपल्याला आज एकच वाक्य तपासायचं आहे. सातबारा शोधा, फेरफार शोधा, मतदार यादीत नाव शोधा, नाहीतर ग्रंथालयाच्या यादीत एखादं पुस्तक शोधा. नाव टाकायचं, बटण दाबायचं, आणि पडद्यावर तीन शब्द उमटतात: ‘नोंद आढळली नाही.’

हे वाचून माणूस काय समजतो? नोंद नाही, असं समजतो. खिडकीपलीकडचा कर्मचारीही तेच समजतो. ‘संगणकात नाही हो,’ म्हणतो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो. आजोबांच्या नावावर जमीन होती की नव्हती, या प्रश्नाचा निकाल असा अर्ध्या मिनिटात लागून जातो. आमचं म्हणणं एवढंच आहे, की ‘आढळली नाही’ आणि ‘नाही’ ही दोन निरनिराळी विधानं आहेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं तर त्यासाठी काही अटी पुऱ्या कराव्या लागतात. आजची पुष्कळशी सॉफ्टवेअरं त्या पुऱ्या न करताच आपल्याला पलीकडे नेऊन सोडतात.

घडा आणि अंधार

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. आपल्याकडे त्यावर शेकडो वर्षं वाद झाला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं कसं? घडा असेल तर डोळ्यांना दिसतो. पण ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसणार? नैयायिक म्हणाले, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्यांच्या मागून जाणारे म्हणाले, नाही, त्यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानलं पाहिजे. त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारलं. प्राभाकर मीमांसकांनी नाकारलं. या वादात आज शिरायचं नाही.

आपल्या कामाची आहे ती त्यांनी घातलेली अट. नुसतं न आढळणं पुरत नाही, ते ‘योग्य’ असावं लागतं. सतराव्या शतकातल्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात धर्मराजाध्वरींद्रांनी हे नीट मांडलं आहे. भर उजेडात, उघड्या डोळ्यांनी जमिनीकडे बघितलं आणि घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणायला हरकत नाही. कारण असता तर दिसला असता. पण त्याच खोलीत मिट्ट काळोख असेल तर? तेव्हा घडा दिसत नाही एवढंच खरं. तो नाही, हे त्यावरून ठरत नाही. ‘असता तर आढळला असता’, हे ज्याला छातीठोकपणे म्हणता येतं त्यालाच ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार.

आता हीच पट्टी संगणकाला लावू. तो ‘आढळली नाही’ म्हणतो तेव्हा खोलीत उजेड असतो का?

दर्या आणि दऱ्या

सुरुवात अगदी घरच्या दोन शब्दांपासून करू. बुरोंडीच्या समोर दर्या आहे. पाठीमागे सह्याद्रीकडे सरकत जाल तशा दऱ्या आहेत. बोलताना यांची गल्लत कोणी करत नाही. लिहितानाही मराठी माणूस एकात डोक्यावर रफार देतो आणि दुसऱ्यात पापणीसारखा आडवा अर्धा र काढतो. हा पापणीचा र मराठीत किती लागतो बघा. किनाऱ्यावर, वाऱ्याने, खाऱ्या पाण्यात, वऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ. गावातल्या टेकडीवर परशुरामाचा भव्य पुतळा आहे, त्याच्या परशूला साध्या मराठीत कुऱ्हाड म्हणायचं तरी हाच र हवा. आडनावांत कऱ्हाडे, गोऱ्हे.

संगणकाच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याची जगभर मान्य झालेली यादी म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीची मांडणी तिने आपल्याच देशात झालेल्या ‘इस्की’ या प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. या मांडणीत पापणीच्या र ला स्वतंत्र आकडा नाही. तो दोन वाटांनी तयार होतो. एक वाट अशी: द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिण्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ यादीत आहे, त्याला हलन्त जोडायचा. दुसरी वाट अशी: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. ते पडद्यावर दिसत नाही, छापून येत नाही, पण आत असतं.

दोन्ही वाटांनी पडद्यावर उमटतं ते एकच: दऱ्या. तुम्ही-आम्ही भिंग लावून बघितलं तरी फरक कळणार नाही. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात, कारण आतले आकडे निराळे. आता समजा, वीस वर्षांपूर्वी कोणी ‘कऱ्हाडे’ हे नाव एका वाटेने टंकलं आणि आज तुम्ही ते दुसऱ्या वाटेने शोधलंत. बनवणाऱ्याने दोन्ही वाटा एक धरण्याची सोय केली नसेल, तर उत्तर येणार: नोंद आढळली नाही. नोंद तिथेच, डोळ्यांसमोर. घडा आहे, काळोखही आहे.

याची उलटी बाजूही आहे. काही शोधयंत्रं ते अदृश्य जोडचिन्ह निरुपयोगी समजून गाळून टाकतात. ते गेलं की दुसऱ्या वाटेने लिहिलेल्या ‘दऱ्या’ची थेट ‘दर्या’ होते. म्हणजे शोधायला जावं डोंगर आणि हाती लागावा समुद्र!

असंच ‘ॲ’चं. ॲड., ॲप, ॲसिड यांतलं हे अक्षर. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर लोक अ लिहून त्यावर चंद्र देत होते, अजूनही देतात. दिसायला दोन्ही सारखी, आत दोन.

मराठी दिसणारा मजकूर

ही झाली युनिकोडमधली गोष्ट. त्याआधीची याहून बिकट आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की नावाच्या यादीत १२८ जागा होत्या आणि अक्षरं फक्त रोमन. पुढे जागा दुप्पट झाल्या तरी देवनागरीची सोय झाली नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, भारतीय लिप्यांसाठी तिने मोलाचं काम केलं. पण छापखान्यांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी युक्ती केली. रोमन अक्षराचा आकडा तसाच ठेवायचा आणि पडद्यावर त्याचं चित्र तेवढं देवनागरी काढायचं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण ही फाँटची नावं त्या काळात डीटीपी केलेल्यांना पाठ असतील. या युक्तीमुळे मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका संगणकावर होऊ लागल्या. त्याचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

पण या मजकुराचं स्वरूप काय? तत्त्वज्ञानात आम्ही भास आणि वस्तू यांत फरक करतो. इथे मराठी हा भास होता, वस्तू रोमन अक्षरांची माळ. फाँट हा चष्मा. तो चष्मा आहे तोवर वाचता येतं, तो गेला की उरतात स्वल्पविराम, टक्केचिन्हं आणि रोमन अक्षरांचा पालापाचोळा. त्यात प्रत्येक कंपनीचा चष्मा वेगळा. एकाच्या फाइलीला दुसऱ्याचा लावून चालत नसे.

मग कित्येक वर्षांची स्थानिक इतिहासाची पुस्तकं, देवस्थानांच्या स्मरणिका, विद्यापीठांतले प्रबंध, ग्रामपंचायतींचे टंकलेले कागद यांच्या मूळ फाइली आज कुठे शोधायच्या? असतील कोणाच्या कपाटातल्या सीडीत. आंतरजालावर चढवल्या असतील तरी ‘बुरोंडी’ हा शब्द टाकून त्या सापडणार नाहीत. कारण त्या फाइलीत ‘बुरोंडी’ नाहीच, तिचं चित्र तेवढं आहे. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक शोध घेईल आणि लिहील, की या काळात या भागातल्या लोकांनी फारसं लिहिलं नव्हतं. आम्हाला खरी भीती याची वाटते. न सापडलेल्या गोष्टीचा पुढे न झालेली गोष्ट म्हणून इतिहास होतो.

रोमनच्या पुलावरून

तिसरा काळोख रोमन लिपीचा. गावांची आणि माणसांची नावं पुष्कळदा आधी रोमनमध्ये नोंदली जातात आणि मग यंत्र ती मराठीत उलटवतं. रोमनमध्ये द आणि ड यांना एकच अक्षर, ल आणि ळ यांना एकच, न आणि ण यांना एकच. जाताना पुलावरून सगळे जातात, परतताना कोण कोण होतं ते पुलाला आठवत नाही. मग बुरोंडीची बुरोंदी होते, लाडघरचं लादघर, कोळथऱ्याचं कोलथरे, दाभोळचं दाभोल. गावाचं ठीक आहे, गाव जागेवरच राहतं. माणसाचं तसं नाही. दळवीचा दलवी झाला, की आधारवर एक, सातबारावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. वारसाची नोंद करायची वेळ आली की तो तोच माणूस आहे हे त्याला प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावं लागतं. चूक पुलाची, खर्च माणसाचा.

काळाचाही पडदा आहे. महाराष्ट्र शासनाने मान्य केलेले मराठी लेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधी लोक ‘नांव’, ‘कांहीं’ असं लिहीत. त्याहून जुने जमिनीचे कागद मोडीत आहेत. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळालं २०१४ मध्ये. स्थान मिळालं म्हणजे कागद वाचून झाले असं नव्हे. ते वाचायला मोडी जाणणारा माणूसच लागतो. तेव्हा दप्तरखान्यात मोडी रुमाल बांधलेला असताना संगणक म्हणतो, नोंद आढळली नाही. बरोबरच आहे, त्याला तो रुमाल कोणी सोडून दाखवलाच नाही.

काठावरचे प्रकार

आता हे बनवणाऱ्यांविषयी. आमचे कित्येक विद्यार्थी पुढे या व्यवसायात गेले. ती हुशार आणि कष्टाळू मुलं आहेत. आमची तक्रार त्यांच्या बुद्धीबद्दल नाही, त्या व्यवसायात मुरलेल्या एका सवयीबद्दल आहे. तिथे एक शब्द आहे, ‘एज केस’. म्हणजे काठावरचा प्रकार, क्वचित घडणारा, नंतर बघू असा. पापणीचा र दाखवला की उत्तर येतं, एज केस आहे सर. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. एवढी माणसं ज्या काठावर राहतात त्याला काठ कसं म्हणायचं? आणि आपण तर किनाऱ्याचीच माणसं. काठावर राहणाऱ्याला तो काठ नसतो हो, ते त्याचं अंगण असतं.

मधली जागा कोणाची आणि काठ कोणाचा, हे गणिताने ठरत नाही. बनवणारा ज्या खुर्चीवर बसला आहे ती मधली, हे तो न बोलता गृहीत धरतो. एका अर्जात आम्हाला तीन चौकटी दिसल्या: पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. तिन्ही सक्तीच्या. जो माणूस आडनाव लावत नाही त्याने काय करावं? जिला वडिलांचं नाव लावायचं नाही, आईचं लावायचं आहे, तिने? चौकट म्हणजे निरागस रिकामी जागा नव्हे. माणसाचं नाव कसं असतं याविषयीचा तो एक सिद्धान्त असतो, आणि त्या सिद्धान्तात न बसणाऱ्याचा अर्ज पुढे सरकत नाही.

हे परदेशातल्या प्रोग्रॅमरनाही उमगलेलं आहे, हे सांगायला हवं. जपानमध्ये राहून काम करणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी या अमेरिकी प्रोग्रॅमरला तिथल्या यंत्रणांत स्वतःचं नाव बसवताना फार त्रास झाला. त्याने २०१० मध्ये नावांविषयी प्रोग्रॅमर धरून चालतात अशा ४० चुकीच्या समजुतींची यादीच केली. स्वतः काठावर जाऊन पडल्यावर काठ दिसतो, तो असा.

दुसरी सवय घाईची. फेसबुकचं २०१४ पर्यंतचं घोषवाक्य होतं, वेगाने पुढे जा आणि मोडतोड होऊ द्या. खेळण्यातल्या गोष्टींना ते शोभतं. जिथे जमीन, मत आणि पेन्शन यांची नोंद आहे तिथे मोडतोड कोणाच्या घरात होते ते विचारावं लागतं.

तिसरी सवय, यंत्राला जमत नाही ना, मग माणसाने जुळवून घ्यावं. ही मात्र संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. आपल्याच जिल्ह्यात हा विचार गाजला आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ केली. देवनागरीच्या खिळ्यांची संख्या छपाईला आणि टंकयंत्राला जड जाते, म्हणून इ, ई, उ, ऊ यांऐवजी अ लाच वेलांटी-उकार देऊन लिहावं, ही अ ची बाराखडी त्यांनी पुरस्कारली. शिशाचे खिळे ओतावे लागत होते त्या काळी या युक्तिवादात वजन होतं. तेव्हा यंत्र खरोखरच ताठ होतं. आजचं यंत्र ताठ नाही. पापणीच्या दोन्ही र ना एक समजायला शिकवणं हे थोडक्या ओळींचं काम आहे, असं आमचेच विद्यार्थी सांगतात. म्हणजे आता ‘जमत नाही’ याचा खरा अर्थ ‘सुचलं नाही’ किंवा ‘कोणी मागितलं नाही’ असा होतो.

मग करायचं काय?

बनवणाऱ्यांसाठी त्यांच्याच परंपरेतलं एक वचन आहे. आंतरजालाच्या पायाचे नियम लिहिणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये एक तत्त्व घालून दिलं. त्याचा आशय असा, की स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा. शोधाच्या चौकटीला हे लावा. साठवताना प्रत्येक शब्द एकाच ठरलेल्या रीतीने साठवा. शोधणारा कुठल्याही वाटेने आला तरी त्याला आत घ्या. दोन्ही पापण्या एक, दोन्ही ॲ एक, नांव आणि नाव एक. आणि ल टाकून सापडलं नाही तर ‘ळ ने बघू का?’ असं यंत्राने आपण होऊन विचारावं.

दुसरं, ते वाक्य बदला. ‘नोंद आढळली नाही’ याऐवजी पडद्यावर असं यावं: अमुक सालापासूनच्या, अमुक दप्तरातल्या नोंदींत, या अक्षरांनी शोधलं, या अक्षरांची नोंद मिळाली नाही, त्याआधीच्या नोंदी कागदावर आहेत, त्या अमुक ठिकाणी बघाव्यात. वाक्य लांब झालं खरं. पण ते खरं बोलतं. खोलीत उजेड कुठपर्यंत आहे आणि काळोख कुठून सुरू होतो, हे ते सांगतं. कुमारिलांच्या परीक्षेत हे उत्तर पास होईल.

आपल्यासाठीही तीन गोष्टी. एक, मराठी टंकताना युनिकोडच वापरा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकलात तर उत्तम. त्यात र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ मिळतो, अर्ध्या तासात सवय होते. दोन, घरात, मंडळात, शाळेत जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मुद्रितं तपासावीत तशा वाचून काढा. बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरांत ती चुकतात. ज्यांना ते चष्मे आठवतात ती माणसं आहेत तोवरच हे नीट होईल. तीन, खिडकीतून ‘संगणकात नाही’ असं उत्तर आलं तर भांडू नका आणि परतही फिरू नका. शांतपणे विचारा: कुठल्या अक्षरांनी शोधलंत? कुठल्या सालापासूनचं आहे? मूळ रजिस्टर कुठे आहे? लागल्यास हे प्रश्न लेखी द्या. समोरचा माणूस वाईट नसतो. त्याला पडदा सांगतो तेच तो सांगतो.

आणि इथल्या ज्या मुलामुलींना हा व्यवसाय करायचा आहे, त्यांना एक गृहपाठ. पहिला प्रोग्रॅम लिहाल तेव्हा त्यात आजीचं पूर्ण नाव, ती स्वतः सांगते तसं, टाकून बघा. मग ते दोन-तीन वाटांनी शोधून बघा. सापडलं तरच तो पुऱ्या जगाला द्या. आजी एज केस नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ.